हेक्टरी उतारा आणि वाईनचा दर्जा: पार्श्वभूमी

वेलीवर घड जितके कमी, तितकी वाईन सरस, ही समजूत जुनी आहे. 1395 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या बर्गंडीच्या ड्यूकने गामे जातीच्या वेली उपटून टाकायचा हुकूम काढला, तेव्हाही तक्रार हीच होती: माल भरपूर, वाईन कडवट. पण या समजुतीला कायद्याचं बळ मिळालं ते फ्रान्समध्ये, 1935 नंतर. प्रदेशाच्या नावाला संरक्षण देणाऱ्या नियमांत हेक्टरी कमाल उतारा ठरवला गेला आणि इथूनच घोळ सुरू झाला.

बर्गंडीच्या सर्वोच्च श्रेणीतल्या लाल वाईनसाठी ही मर्यादा साधारण 35 हेक्टोलिटर, म्हणजे हेक्टरी 3,500 लिटर. तिथे हेक्टरात सुमारे 10,000 वेली असतात. वेलीमागे वाईन आली 350 मिलिलिटर, अर्धी बाटलीही नाही. आता ऐसपैस अंतरावर 2,500 वेली लावलेली बाग घ्या. उतारा तोच 35, पण वेलीमागे 1.4 लिटर. आकडा एकच, भार चौपट! मग कमी उतारा नेमका कशाला म्हणायचं?

वेलीच्या दृष्टीने प्रश्न पानांचा आहे: लागलेला माल पिकवायला पुरेशी, उन्हात असलेली पानं आहेत का? म्हणून जाणकार छाटलेल्या काड्यांचं वजन करतात. फळांचं वजन त्याच्या पाच ते दहा पट असेल, तर वेल समतोल मानतात. माझ्या मते हा मापदंड हेक्टरी आकड्यापेक्षा कितीतरी खरा आहे. जोमदार वेलीचे घड लवकर काढून टाकले, तर उरलेले मणी फुगून बरीचशी भरपाई करतात आणि रसाच्या मानाने साल कमी पडते. रंग आणि तुरटपणा देणारं टॅनिन तर सालीत. त्यामुळे विरळणी मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते मऊ पडून रंग धरायच्या, सुमारास करणं बरं.

बागेचं आजचं रूपही तसं अलीकडचं. पूर्वी युरोपात काडी मातीत दाबून नवी वेल उभी करत, त्यामुळे बागा दाट आणि अस्ताव्यस्त असत. 1860 च्या दशकात फायलोक्सेरा किडीने मुळं खाल्ली. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम करणं भाग पडलं आणि दाबाची पद्धत संपली, कारण दाबलेली काडी स्वतःची, किडीला बळी पडणारी मुळं धरते. मग ओळी आल्या, तारा आल्या.

1960 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात वेलीचा दाट पानोरा, म्हणजे पानांचा पसारा, दोन पडद्यांत विभागून पाहिला गेला. ऊन आत शिरलं आणि उतारा व साखर दोन्ही वाढली. प्रयोग मुख्यतः रसाच्या द्राक्षावर झाला, हा आक्षेप रास्त आहे. तरी धडा वाईनच्या बागांतही उतरला: सावलीत राहिलेल्या काबर्ने या लाल वाईनच्या द्राक्षाला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, घडाजवळची पानं वेळेवर काढली की तो बराच कमी होतो.

आता हवामान तापतंय आणि काटा उलटा फिरतोय. बर्गंडीतल्या बोन गावात 1354 पासूनच्या काढणीच्या तारखा उपलब्ध आहेत. 1988 नंतर तिथली काढणी सरासरी 13 दिवस अलीकडे आली. तीव्र उन्हात मणी भाजतात, रंगही नीट भरत नाही. म्हणून घडाभोवतीची पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूनेच काढतात, पश्चिमेकडची राखून ठेवतात.