तापमान वाढलं की पडणारी माशी

काचेच्या नळीत दहा-वीस फळमाश्या आहेत, आपल्या घरी पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, तसल्या चिलटांएवढ्या. खोलीच्या तापमानाला त्या नळीच्या भिंतीवर चढतात, उतरतात. नळी २९ अंशांच्या पाण्यात धरली की थोड्याच वेळात सगळ्या तळाशी आडव्या होतात. मेल्या म्हणाव्यात तर तसंही नाही. नळी थंड झाली की पाय झाडत उठतात आणि पुन्हा भिंत चढू लागतात. साध्या माशीला एवढ्या उष्म्यानं काहीच होत नाही. या माश्यांच्या एका जनुकात बदल झालेला असतो, म्हणून त्या पडतात.

असा पहिला गाजलेला बदल १९७१ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डेव्हिड सुझुकी यांच्या गटानं नोंदवला. त्याचं नाव ‘पॅरॅलिटिक’. याच गटानं पुढे आणखी एक शोधला, ‘शिबिरे’. जपानीत त्याचा अर्थ बधिर होणं, मुंग्या येणं. माशी पडते हे दिसलं होतं, पण मज्जासंस्थेत नेमकं काय बंद पडतं, हा प्रश्न उरला होता. त्यात हात घालणाऱ्यांमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) ओबेद सिद्दीकी होते.

सिद्दीकींची वाट सरळ नव्हती. जन्म १९३२, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा, शिक्षण अलीगढला. दिल्लीत गव्हावर प्रयोग करत असताना गारपिटीनं उभं पीक झोपवलं आणि त्यांनी लवकर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे मोर्चा वळवला, ही त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. ग्लासगोला ग्विदो पोंतेकोर्वो यांच्याकडे बुरशीच्या जनुकशास्त्रात पीएचडी झाली. मग अमेरिकेत अ‍ॅलन गॅरन यांच्यासोबत जिवाणूंवर काम; प्रथिन घडवताना ‘इथे थांब’ असा संदेश जनुकात कसा लिहिलेला असतो, हे समजायला त्या कामाची मोठी मदत झाली. १९६२ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईत आले आणि टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या त्या संस्थेत हे प्रकरण तसं नवंच होतं.

जिवाणूंमध्ये नाव झालेलं असताना चाळिशीच्या आसपास त्यांनी माशी हाती घेतली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय हाच. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत सेमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी तापमानाला संवेदनशील माश्यांवर काम केलं. या मालिकेत ‘कोमॅटोज’ नावाची माशीही आली. ती शुद्धीवर यायला बराच वेळ घेते, म्हणून हे नाव. दोघांचा शोधनिबंध १९७६ मध्ये आला. एवढ्याशा माशीच्या शरीरातून विद्युत नोंदी घेऊन संदेश कुठे अडतो ते त्यांनी तपासलं.

त्या जनुकांची रेणवीय ओळख मात्र पुढे इतरांनी पटवली. पॅरॅलिटिक म्हणजे सोडियमची वाहिनी. ती उघडली तरच मज्जातंतूत संदेश धावतो. शिबिरे म्हणजे डायनॅमिन. चेतापेशीच्या टोकाशी संदेश देऊन रिकाम्या झालेल्या सूक्ष्म पिशव्या परत आत ओढताना त्यांची मान तोडणारं प्रथिन. हीच यंत्रणा माणसातही आहे. मेंदूतल्या सोडियम वाहिनीच्या एका जनुकात बिघाड झाला की ‘ड्राव्हे सिंड्रोम’ हा अपस्माराचा कठीण प्रकार होतो, आणि त्यातल्या बाळाला पहिला झटका बऱ्याचदा ताप आल्यावर येतो. तापलेली माशी आणि तापलेलं बाळ यांच्यात आत घडतं ते अगदी एकच नाही. पण जनुकांचं घराणं एक आहे.

मुंबईत परतल्यावर सिद्दीकींनी माशीची चव आणि वास हा विषय धरला. इथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज येतात. गोव्याचं कुटुंब, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचं. सिद्दीकींचं जिवाणूंवरचं काम वाचून त्यांनी थेट पत्र लिहिलं आणि सत्तरच्या दशकात मुंबई गाठली. वास न कळणाऱ्या, चव न ओळखणाऱ्या माश्या हजारोंतून निवडून काढायच्या, हे काम नुसतं ऐकूनच दमायला होतं. भारतीय प्रयोगशाळेतून या क्षेत्राची पायाभरणी झाली ती इथे.

तरीही एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. माशीचे गंधग्राही रेणू, म्हणजे वास टिपणारी प्रथिनं, या मार्गानं सापडले नाहीत. ते १९९९ मध्ये अमेरिकेतल्या गटांना मिळाले, जनुकसंचाची माहिती हाताशी आल्यावर. रॉड्रिग्ज तोवर दुसऱ्याच प्रश्नात खोल उतरल्या होत्या: स्पर्शिकेतून निघालेली चेतापेशी मेंदूतल्या आपल्या ठिकाणी पोचते कशी?

नव्वदच्या दशकात टीआयएफआरचं बेंगळुरूचं जीवविज्ञान केंद्र, एनसीबीएस, सिद्दीकींनी उभं केलं. रॉड्रिग्जही पुढे तिथे गेल्या. २०१० मध्ये कर्करोगानं त्यांचं निधन झालं. सिद्दीकींना २०१३ च्या जुलैमध्ये बेंगळुरूत रस्त्यावर अपघात झाला आणि त्यात ते गेले. वय ८१. प्रयोगशाळा तोवर चालूच होती, आणि विषयही तोच होता: माशीला वास कसा कळतो.