ते फक्त सॉफ्टबॉल होतं का?

‘१९४३ ते १९५४ या काळात अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग होती म्हणतात, पण त्या खेळत सॉफ्टबॉलच (मोठा चेंडू आणि लहान मैदान असलेला बेसबॉलचा भाऊबंद),’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे.

पहिल्या हंगामाकडे पाहिलं तर तो पटण्यासारखा आहे: चेंडूचा घेर १२ इंच, फेक कमरेखालून, पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारी, ४० फुटांवर. पण तेव्हाही मैदानात सॉफ्टबॉलच्या १० ऐवजी ९ जणी असत आणि धावणारीला पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधीच बेस (धाव पूर्ण करताना गाठायचा टप्पा) सोडून पुढे सरकता येई.

पुढे नियम बदलत गेले. १९४६ मध्ये चेंडू ११ इंचांवर आला, बाजूने फेकायची मुभा मिळाली. १९४८ पासून खांद्यावरून फेक सुरू झाली. १९५४ मध्ये चेंडू पुरुषांच्याच मापाचा, पिचर ६० फुटांवर आणि बेसमधलं अंतर ८५ फूट, पुरुषांचं ९०.

सगळ्यात जड गेलं ते पिचरना. कमरेखालून फेकणाऱ्या काहीजणी आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षणाला गेल्या, तर दमदार हाताच्या काही फील्डर पिचिंगला आल्या. म्हणूनच अशा अष्टपैलू खेळाडूच्या सगळ्या हंगामांच्या आकड्यांची एकूण बेरीज फसवी ठरते. तिची आकडेवारी हंगामनिहाय वाचा, शेजारी त्या वर्षीचा चेंडूचा घेर आणि पिचिंगचं अंतर मांडा. सामन्याच्या फोटोत पिचरचा हात डोक्यावरून येत असेल, तर तो बहुधा १९४८ किंवा त्यानंतरचा.