पार्श्वभूमी : सुई कमी दुखू लागली ती कशी

इंजेक्शन दुखतं याची दखल घ्यायला मुंबईला सवड नव्हती. आधी जीव वाचवायचा होता. १८९६ साली शहरात प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी १० घन सेंटिमीटरचा डोस आधी स्वतःलाच टोचून घेतला. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली. पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाली.

ती सुई कातडीखाली जायची. स्नायूत द्यायच्या इंजेक्शनांचा सुकाळ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, पेनिसिलिनमुळे. त्यातही बेंझाथिन पेनिसिलिन म्हणजे दाट, पांढरं औषध. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना ते दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. असं औषध आत जाताना दुखतं आणि नंतरही दुखत राहतं. त्यात भूल देणारं लिग्नोकेन मिसळण्याची युक्ती त्यावरच निघाली.

जुन्या दवाखान्यांत काचेची सिरिंज आणि सुया स्टीलच्या डबीत उकळत असत. एकच सुई कित्येकांना. बोथट झाली की दगडावर घासायची. एकदा वापरून फेकायच्या सुया सर्रास आल्या त्या कावीळ आणि एड्सच्या धास्तीने. रुग्णाला कमी दुखावं हा त्यामागचा हेतू नव्हताच, पण धारदार सुईचा फायदा आयताच पदरात पडला.

टोचण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का पाहायचं, तोवर सुई आत हलायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की लसीकरणात याची गरज नाही. दंड आणि मांडीच्या नेहमीच्या जागी मोठ्या रक्तवाहिन्या नसतात. एकाच वेळी अनेक लसी असतील तर सर्वांत जास्त दुखणारी शेवटी द्या, तान्ह्याला अंगावर पाजता पाजता टोचा, जरा मोठ्या मुलाला आडवं न पाडता बसवा, हेही त्यातच आलं.

शिवाय खोटा दिलासाही देऊ नका. म्हणजे आपलं पिढीजात ‘काही नाही रे, मुंगी चावेल’ बाद. मुंगी चावली की किती झोंबतं, हे त्या मुलाला ठाऊक असतंच.