घर कोणाचं, मन कोणाचं : पुण्यातल्या कौटुंबिक चित्रपटांची पार्श्वभूमी

चित्रपटात प्रतिनिधित्व किती, हे मोजायच्या फूटपट्ट्या अलीकडच्या आहेत. अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेकडेल यांच्या १९८५च्या एका चित्रमालिकेतून आलेली कसोटी विचारते: दोन बायका आहेत का, एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२० मध्ये समावेशाचे चार निकष जाहीर केले. २०२४च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत उतरायचं तर त्यातले दोन तरी पाळावे लागतात. कुटुंबाच्या मनात डोकावणाऱ्या चित्रपटासाठी मला हे अपुरं वाटतं. तिथे पडद्यावर कोण आहे याइतकंच कोणाच्या मनात आपल्याला शिरू दिलं जातं, हेही बघावं लागतं.

पुण्यात ही गोष्ट 'प्रभात' या चित्रपट कंपनीपासून सुरू होते. कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली आणि १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' केला. फसवून काकासाहेब या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा संसार करायला ठाम नकार देते. जरठ-कुमारी विवाहावर 'शारदा' नाटक १८९९ मध्येच आलं होतं, पण इथे बघणारा माणूस काकासाहेबांच्याही आत जातो. भिंतीवरचं घड्याळ टकटकत राहतं, आणि काकासाहेब झालेल्या केशवराव दात्यांच्या चेहऱ्यावर स्वतःच्या वयाची लाज उतरत जाते. काकासाहेबांच्या लेकीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. प्रत्यक्षात पुण्यात संततिनियमनाचं काम करणाऱ्या त्याच या बाई. म्हणजे चळवळीतलं माणूस थेट पडद्यावरच्या घरात वावरत होतं. चार वर्षांनी 'शेजारी'त हिंदू-मुसलमान मैत्री आणि तिची मोडतोड आली.

पुढे कित्येक वर्षं मराठी कौटुंबिक चित्रपटातलं 'घर' बहुतेक पांढरपेशांचंच राहिलं. मोलकरीण यायची, चहाचा ट्रे ठेवायची, जायची. तिच्या मागोमाग कॅमेरा कधी तिच्या घरी जायचा नाही.

तो वस्तीत गेला सुमित्रा भावे यांच्यामुळे. त्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत. बायकांच्या जगण्याचा अभ्यास करता करता त्या माध्यमाकडे आल्या, आणि १९८५ मध्ये झोपडपट्टीतल्या एका बाईवर त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत 'देवराई' (२००४) आला. त्यात स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झालेल्या भावाइतकीच त्याला सांभाळताना दमणारी बहीणही महत्त्वाची. घरच्यांची दमछाक हा आजाराचाच भाग आहे, हे मराठी पडद्यावर इतक्या मायेने क्वचितच आलं असेल.

याच जोडीच्या 'अस्तु'मध्ये प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित झाले. हत्तीच्या मागे चालत चालत ते हरवतात आणि माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, सापडतात. कानडी बोलणारी ही बाई त्यांना लेकरासारखं जवळ घेते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. तरी एक गोष्ट मला टोचते. पंडितांच्या मुलीला अपराधी वाटतं, राग येतो, वैताग येतो. चन्नम्माच्या वाट्याला मात्र मुख्यतः चांगुलपणा आला. गरीब बाईला शहाणी दाखवणं सोपं आहे, तिला गोंधळलेली दाखवायला जास्त विश्वास लागतो.

त्यांच्याच 'कासव'ने (२०१६) कुटुंबच मोकळं केलं. नैराश्यातून सावरणारी जानकी, तिचा ड्रायव्हर यदू आणि स्वतःला संपवायला निघालेला अनोळखी मुलगा कोकणातल्या समुद्रकाठी एका छपराखाली राहतात. रक्ताचं नातं नाही, घर मात्र आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या. ज्या घरी चन्नम्मा संध्याकाळी परत जाते, तिथल्या मनांत डोकावणारा चित्रपट अजून कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.