एस्पेरांतो मातृभाषा गिळायला आलेली नाही

एस्पेरांतो ही जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा. ‘सगळ्या भाषा मोडीत काढून एकच लादायची, हाच एस्पेरांतोचा डाव’ ही थाप फार जुनी. सोलापुरात तरी ती खपू नये! पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. कुठली कुणाला खाते? एस्पेरांतोचे जनक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये ही भाषा मांडली ती परक्यांशी बोलायची दुसरी भाषा म्हणून. एस्पेरांतो बोलणाऱ्यांच्या १९०५ च्या फ्रान्समधल्या बुलोन जाहीरनाम्यात तर साफ म्हटलंय, प्रचलित राष्ट्रीय भाषांना हटवायचा हेतू नाही. व्याकरण सुटसुटीत: नाम ‘ओ’वर संपतं, विशेषण ‘आ’वर, वर्तमानकाळ ‘आस’वर. क्रियापदाला लिंग-वचनाची भानगडच नाही. कर्माला ‘न’ लागतो, तिथे मात्र नवखे हमखास अडखळतात. ऑनलाइन गप्पांत कुणी हसत नाही, दुरुस्त करतात. ‘लेर्नू’ संकेतस्थळावर शिकणं फुकट आहे.