सरड्याची धाव आणि दिव्याखालचं ऊन

थंडीत सकाळी आठच्या सुमारास कंपाउंडच्या भिंतीवर नजर टाका. बागेतला साधा सरडा दगडाला पोट टेकवून, उन्हाकडे कूस करून पसरलेला दिसतो. अंगाचा रंग काळपट असतो. तासाभराने तोच सरडा उजळलेला असतो, आणि ऊन चढलं की जास्वंदीच्या सावलीत गेलेला. मग पुन्हा भिंत, पुन्हा सावली. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण तोकडेपणा दाखवायला वापरतो, पण त्या प्राण्याचं आयुष्य या छोट्या धावेवरच चाललेलं असतं. शरीर आतून तापवायची सोय त्याच्याकडे नाही. ऊब कमवायची ती पायांनी, जागा बदलून.

वाळवंटी सरडा घरात काचेच्या पेटीत ठेवला की ही धाव सगळ्यात आधी संपते. त्यामुळे ‘बास्किंगचं, म्हणजे दिव्याखाली ऊब खात बसायच्या जागेचं, तापमान किती ठेवू?’ या पाळणाऱ्यांच्या प्रश्नाला एक आकडा सांगून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं शरीर हवेइतकंच गरम किंवा गार असतं, असं पूर्वी सर्रास मानलं जाई. रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी १९४४ साली वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं आणि हा समज मोडला. दिवसभर ऊन-सावलीत ये-जा करून हे प्राणी आपलं तापमान बऱ्याच अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. वाळवंटातला प्राणी म्हणजे वाटेल ती उष्णता सोसणारा, हेही खरं नाही. भर दुपारी सावलीची वाट बंद झाली तर तो काही मिनिटांत मरू शकतो.

घरांमध्ये सर्वाधिक दिसणारा वाळवंटी सरडा म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन, पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘बिअर्डी’. मोकळेपणाने जागा निवडू दिली तर तो दिवसा शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. पण त्याच्या बैठकीच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश असावा लागतो. इथेच अनेकांचा गोंधळ होतो, कारण पेटीत तीन वेगवेगळी तापमानं असतात: हवेचं, दगडाचं आणि सरड्याच्या शरीराचं. दगड ४० अंशांवर असला तरी शेजारची हवा तीसच्या घरात असू शकते, आणि सरडा त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. तापण्याचा आणि निवण्याचा वेगही तो थोडा हातात ठेवतो. बार्थोलोम्यू आणि टकर यांनी १९६३ मध्ये बिअर्डीच्याच एका जवळच्या भावकीत हे मोजलं. ऊब घेताना हृदयाचे ठोके जलद पडतात, रक्त उष्णता आत वाहून नेतं. गार होताना ठोके मंदावतात. म्हणून सरडा लवकर तापतो आणि सावकाश निवतो.

एका जातीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातल्या काटेरी शेपटीच्या युरोमॅस्टिक्सला बसायला ५० अंशांच्या आसपास तापलेला दगड लागतो. बिअर्डीसाठी तेवढा दगड म्हणजे चटका. (आपल्या थरचा आणि कच्छचा सांडा याच कुळातला. तो वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, पाळायचा नाही.) लेपर्ड गेको हा पालीसारखा सरडा तर संधिप्रकाशात हिंडणारा. त्याला भगभगीत दिवा नको, पोटाखाली ३२ अंशांच्या आसपासची ऊबदार जागा हवी.

ऊब कमी पडली तर काय बिघडतं? पचनाची विकरं मंदावतात, खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. अतिनील किरणांनी कातडीत ‘ड’ जीवनसत्त्वाचा जो कच्चा रेणू बनतो, त्याला पक्कं रूप यायलाही उष्णताच लागते. पेटीत लावायची अतिनील किरणांची ट्यूब कितीही महागाची आणा, गार सरड्याला तिचा पुरता उपयोग होत नाही. सगळ्यात बोलका पुरावा डेझर्ट इग्वानाचा आहे. मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात या सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग करून पाहिलं. मोकळे सोडलेले आजारी सरडे नेहमीपेक्षा गरम जागेत जाऊन बसले आणि त्यांनी शरीराचं तापमान सुमारे दोन अंशांनी चढवलं. आपल्याला ताप येतो, त्यांनी तो चालत जाऊन आणला. १९७५ च्या प्रयोगात वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत कोंडलेल्या आजारी सरड्यांपैकी ४० आणि ४२ अंशांतले जास्त जगले, ३४ अंशांतले सर्वांत कमी. आजारी सरड्याला थोडी जादा ऊब निवडता यावी, म्हणूनही पेटीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तापमानाचा चढउतार हवा.

आता मोजणी. काचेला चिकटवायचं गोल तबकडीचं थर्मामीटर काचेलगतचं तापमान सांगतं, दगडाचं नाही. दगडासाठी गॅरेजमध्ये वापरतात तसली इन्फ्रारेड गन घ्या आणि दार उघडून मोजा. काचेतून धरली तर ती काचेचंच तापमान दाखवते. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन चालत नाही. ती माणसाच्या तापाचा अंदाज बांधायला जुळवलेली असते. गार बाजूच्या हवेसाठी वायरचा डिजिटल प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाने तापमान मोजणारं थर्मामीटर, ठेवा. दगड मोजून झाला की सरड्याच्या पाठीच्या उंचीवरही मोजा. दिव्यापासूनचं अंतर ३० सेंटिमीटरवरून २५ वर आलं की पोचणारी उष्णता जवळपास दीडपट होऊ शकते, आणि बिअर्डीची पाठ दगडापासून चार-पाच सेंटिमीटर वर असतेच. पाठीवरचे भाजल्याचे डाग बहुधा असेच पडतात. पिल्लांचं अंग लहान, ती आणखी लवकर तापतात.

ऊब वरूनच द्यावी, कारण उन्हात बसणाऱ्या सरड्याला ऊन वरून मिळतं. हॅलोजन दिव्यातली जवळची अवरक्त किरणं कातडीत खोलवर जातात; सिरॅमिक हीटर बराचसा वरचा थरच तापवतो. झोत सरड्याचं सबंध अंग झाकेल इतका रुंद असावा, नाहीतर पाठीचा एक तुकडा भाजतो आणि पोट गारच राहतं. विजेवर तापणारा ‘हॉट रॉक’ मात्र घेऊच नका. पोट भाजत असतानाही सरडा त्यावर बसून राहतो.

गरम टोकाची इतकी चर्चा होते, पण सरड्याचा जीव वाचवतं ते गार टोक. बिअर्डीच्या पेटीत ते २४ ते २८ अंशांवर असावं, आणि त्यासाठी पेटी चार फूट तरी लांब हवी. दोन फुटांच्या टाकीत दिवा लावला की तासाभरात सगळीच टाकी बास्किंगची जागा होते. काचेची टाकी बाल्कनीतल्या उन्हात तर कधीच ठेवू नका. आतली हवा झपाट्याने तापते आणि काच हवी ती अतिनील किरणं अडवते.

आकडे जुळले तरी सरड्याकडे बघत राहा. दिव्याखाली तोंड उघडून बसला असेल तर तो पुरेसा तापला आहे. ओल्या तोंडातून वाफ जाते आणि डोकं गार राहतं. थोडा वेळ असं बसून तो उठून गेला तर सगळं ठीक चाललं आहे. गार टोकाला जाऊनही तोंड उघडंच राहिलं तर पेटी तापली आहे, दिवा लगेच बंद करा. दिवसभर काळपट होऊन दिव्याखालीच चिकटून राहिला तर ऊब कमी पडते आहे.

थर्मोस्टॅट घ्याच, पण तो फक्त दिवा मंद किंवा बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. नागपुरात किंवा जळगावात मे महिन्यात दुपारी घरातच ३८ अंश होतात, तेव्हा पेटीतलं गार टोक उरतच नाही. अशा दुपारी उष्णतेचा दिवा काढा, अतिनील ट्यूब तेवढी ठेवा, पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा आणि एका कोपऱ्यात भिजवलेली फरशी ठेवा. रात्री पेटीचं दार उघडून प्रोबवर नजर टाका. वीस-बावीस अंशांपर्यंत उतरलेलं तापमान बिअर्डीला चालतं, त्याच्या मुलखात रात्री गारच असतात. आकडा तिशीच्या खाली यायलाच तयार नसेल, तर सकाळी दिवा लावायची घाई करू नका.