‘ताकदीची गोळी’ घेण्याआधी : अशक्तपणा, मुंग्या आणि जीवनसत्त्वांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निंदणापासून कापूस वेचणीपर्यंत आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन मागण्या रोज येतात. एक, ‘अंगात जीव नाही, ताकदीची गोळी द्या.’ दुसरी, ‘पायाला मुंग्या येतात, नसांची गोळी द्या.’ दोन्हींवर बहुतेक वेळा जीवनसत्त्वांचीच पट्टी हातात पडते. ती कधी फार उपयोगाची असते, कधी नुसती पैशाची नासाडी असते, आणि कधी तिच्यामुळे खरा आजार महिनोन् महिने झाकून राहतो. यातलं आपलं काय, हे ओळखता यावं म्हणून हे पत्रक आहे.

जीवनसत्त्वाच्या गोळीत ऊर्जा नसते. ऊर्जा भाकरीतून, भातातून, वरणातून, तेलातून मिळते. त्या अन्नाचं ऊर्जेत रूपांतर होताना शरीराला बी गटातली जीवनसत्त्वं लागतात, तीही अगदी थोडी. ती कमी पडली असतील तर गोळीने माणूस उभा राहतो. कमी पडलेली नसतील तर जास्तीचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती त्यातल्या बी-2 मुळे. त्याने घाबरू नका, आणि ते औषध लागू पडल्याचं लक्षणही समजू नका.

कमजोरी आली म्हणून सलाईन लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे गावोगावी आहे. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चहाचे चमचे. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत त्याहून जास्त ऊर्जा आहे. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हाची झळ लागली, तोंडाने पाणी राहत नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवते. रोजच्या थकव्यावर ती इलाज नाही. तिच्यात लाल औषध मिसळलं की बाटली लाल दिसते. तो लाल रंग बी-12 चा. तेवढंच बी-12 घ्यायचं असेल तर त्यासाठी अख्ख्या बाटलीची गरज नसते.

बी-12 : इथे कमतरता खरोखर असते

मोठ्या माणसाला दिवसाला सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-12 लागतं. ते मिळतं फक्त दूध, दही, अंडी, मासे, मटण, कलेजी यांतून. पालेभाजी, डाळी, ज्वारी, संत्री यांत ते नसतं, कितीही पौष्टिक असली तरी. पाव लिटर दुधात साधारण 1 मायक्रोग्रॅम, एका अंड्यात साधारण अर्धा. आता घरचा हिशेब करून बघा. गाय-म्हैस दारात असली तरी दूध डेअरीवर जातं आणि घरात उरतं ते चहापुरतं. चहातल्या दोन-तीन चमचे दुधाने दिवसाची गरज भागत नाही. दूध पुन्हा पुन्हा उकळलं की त्यातलं काही बी-12 आणखी कमी होतं. म्हणून माळकरी घरांत, आणि बाकीच्यांना वाढून उरलं तर खाणाऱ्या बायांमध्ये, ही कमतरता वरचेवर दिसते.

यकृतात बी-12 चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे ‘मी तर लहानपणापासून हेच खातो, आताच का त्रास?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : साठा आता संपत आला.

खाणं चांगलं असूनही कमतरता होऊ शकते. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ते आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जायला जठरात तयार होणारं एक खास प्रथिन लागतं. वय वाढलं की आम्ल कमी होतं. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल वर्षानुवर्षं रोज घेतली तरी तेच होतं. डायबेटीसची मेटफॉर्मिन गोळीही बराच काळ घेतल्यास बी-12 कमी करते. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या तळपायाला मुंग्या आल्या की दोष शुगरवर जातो आणि बी-12 तपासायचं राहून जातं. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगून तपासणी करून घ्या.

लक्षणं अशी : दोन्ही पायांत सारख्याच मुंग्या किंवा झिणझिण्या, मोजे घातल्यासारखा बधिरपणा, पायातून चप्पल निसटली तरी न कळणं, अंधारात किंवा वावराच्या धुऱ्यावर तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत होऊन तिखट झोंबणं, धाप, चेहरा पांढुरका पडणं, विसरभोळेपणा. एवढी सगळी एकाच माणसात असतीलच असं नाही. रक्त उत्तम असूनही नसांचा त्रास होऊ शकतो.

आधी रक्त द्या, मग गोळी किंवा इंजेक्शन घ्या. उलट क्रमाने केलं तर रिपोर्टमध्ये बी-12 भरपूर दिसतं आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळत नाही. मिलिलिटरमागे 200 पिकोग्रॅमच्या खाली आलं तर सहसा कमतरता धरतात. 200 ते 300 च्या मधला आकडा संशयाचा, तिथे डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी. बी-12 कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्ही, म्हणजे या पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा, 100 च्या वर जातो. पण त्याच माणसाला लोहही कमी असेल तर लोहामुळे पेशी लहान होतात आणि दोन्ही मिळून एमसीव्ही नॉर्मल दिसतो. त्या एका आकड्यावर विसंबून राहू नका.

गोळी 1500 मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे दीड मिलिग्रॅम. गरज अडीचची, गोळी दीड हजाराची का? एका वेळी आतडं नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेऊ शकतं. त्यापलीकडे मोठ्या डोसचा सुमारे 1 टक्का आपोआप आत झिरपतो. 1500 चा 1 टक्का म्हणजे 15 मायक्रोग्रॅम. ज्यांचं जठर साथ देत नाही त्यांनाही गोळी लागू पडते ती या झिरपण्यामुळेच. तरीही तोल जात असेल, बधिरपणा वर चढत असेल, कमतरता फार असेल तर डॉक्टर इंजेक्शननेच सुरुवात करतात : आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्या-दोन महिन्यांनी. कोणाला किती, हे त्यांनीच ठरवायचं.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. पाच इंजेक्शनं झाली, बरं वाटलं, सोडून दिलं. रक्त सुधारायला सहा-आठ आठवडे लागतात. नसा त्याहून हळू भरून येतात. तीन ते सहा महिने, कधी जास्त. सुरुवातीला मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात, म्हणून औषध सोडू नका. ज्यांचं खाणं बदलणार नाही किंवा जठराचीच अडचण आहे, त्यांना बी-12 कायम चालू ठेवावं लागतं. आणि उशीर फार झाला असेल तर काही बधिरपणा कायमचा राहतो. आम्ही ‘लवकर तपासा’ असा धोशा लावतो तो म्हणूनच.

नुसतं फॉलिक ॲसिड, म्हणजे बी-9, घेऊन रक्त वाढवू नका. बी-12 कमी असताना फॉलिक ॲसिड रक्त सुधारून दाखवतं, पण नसांची हानी आत चालूच राहते.

पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा

‘नसांची गोळी’ या नावाखाली अगदी वेगवेगळी औषधं मिळतात. एका पट्टीत फक्त मिथाइलकोबालमिन, म्हणजे बी-12 चाच एक प्रकार, असतं. दुसरीत त्याच्यासोबत अल्फा लिपॉइक ॲसिड, फॉलिक ॲसिड, बी-6. तिसरीत मिथाइलकोबालमिनच्या जोडीला प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन. प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन हे जीवनसत्त्व नव्हे. नसांच्या दुखण्यावरचं हे औषध आहे. त्याने झोप येते, चक्कर येते, पाय सुजू शकतात. ते घेऊन दारू पिणं धोक्याचं, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणंही. बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद करता येत नाही. शेजाऱ्याची रिकामी पट्टी दाखवून हीच द्या म्हणाल, तर चिठ्ठीशिवाय आम्ही देणार नाही. कृपया राग मानू नका.

बी-6 चा प्रकार उलटा आहे. ते कमी पडलं तर मुंग्या येतात आणि मोठ्या डोसने महिनोन् महिने घेतलं तरी मुंग्याच येतात. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर प्रत्येकीतलं बी-6, म्हणजे पायरिडॉक्सिन, मिळवून बघा. टीबीच्या औषधातल्या आयसोनियाझिडने बी-6 कमी होतं, म्हणून आरोग्य केंद्रातून सोबत ही गोळी मिळते. ती टाळू नका, आणि वाढवूही नका.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइड किंवा हृदयाच्या रक्ततपासणीआधी लॅबमध्ये सांगा. त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात.

गोळी नव्हे, दवाखाना गाठा

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या जागी स्पर्श, गरम-गार कळत नाही : हा कुष्ठरोग असू शकतो. पूर्व विदर्भात तो अजूनही सापडतो. सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर हातापायांची विकृती टळते. बी-कॉम्प्लेक्स खात बसलात तर नस कायमची जाते.

फवारणीनंतर घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर, छातीत घरघर होत असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे जीव गेले, हे आपल्या सगळ्यांच्या ध्यानात आहे. काही कीटकनाशकांचा परिणाम पायांच्या नसांवर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, तेव्हा मागच्या फवारणीची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्या.

एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, किंवा दोन-चार दिवसांत दोन्ही पायांची ताकद वरवर जाऊ लागली, तर क्षणभरही थांबू नका.

रोज दारू पिणाऱ्याच्या नसा दारूने आणि बी-1 च्या कमतरतेने खराब होतात. तिथे बी-1 लागतंच, पण दारू चालू ठेवून गोळीचा फारसा उपयोग होत नाही. भंडारा-गोंदियाकडे भात जास्त. पॉलिश केलेल्या तांदळात बी-1 कमी असतं आणि पेज ओतून दिली की आणखी जातं. पेज पिऊन टाका, ताटात डाळ आणि शेंगदाणे ठेवा.

घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, असेल तर रक्तवाढीची म्हणून लोहाची गोळी तपासणीशिवाय देऊ नका. रक्त चढवलेल्या रुग्णात लोह आधीच साठलेलं असू शकतं. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टर सांगतील तसं नियमित द्या.

लोह सुरू असेल तर चहाच्या आधी-नंतर एक-दोन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, आणि लिंबू पिळलेल्या जेवणासोबत लोह घेतलंत तर चांगलं. शौच काळी होते, तो दोष नाही.

ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची गोळी किंवा पावडर सहसा आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतल्याने कॅल्शियम वाढतं. उलटी, बद्धकोष्ठता, सारखी तहान लागते आणि किडनीवर ताण येतो. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्या.

एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखाली, खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत औषध ठेवू नका. मिथाइलकोबालमिन उजेडाने खराब होतं, म्हणून गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. माठाजवळची सावलीची जागा चालेल, पण पट्टीला ओल लागू देऊ नका.

दुकानात येताना जुनी चिठ्ठी, रक्ताचा रिपोर्ट आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. शुगर, बीपी, ॲसिडिटीच्याही. बाई गरोदर असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर ते आधी सांगा.